मावसभावाला दिलेले हातउसने आणि पतीची जामीनकी

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात शिवणकाम करते. मावसभावाला दुकानासाठी पैसे हवे होते म्हणून ९ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याच्या खात्यावर एनईएफटीने १,८०,००० रुपये पाठवले आणि २ एप्रिल २०२४ रोजी ६०,००० रुपये रोख दिले. व्याज ठरलं नव्हतं, कागदही केला नाही. "तू मागशील तेव्हा देतो" एवढंच बोलणं झालं. मार्च २०२५ मध्ये त्याने यूपीआयवरून २५,००० रुपये परत केले. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं "देतो ताई, थोडं थांब" चालू आहे. पोलीस ठाण्यात गेलो, तर ही दिवाणी बाब आहे असं सांगून परत पाठवलं.

याच मावसभावाने जून २०२३ मध्ये पतसंस्थेतून ३ लाख रुपये कर्ज काढलं. माझे पती आणि त्याचा एक मित्र असे दोघे त्याला जामीन आहेत. हप्ते थकले आणि आता पतींना १०१ ची (सहकार कायद्याखालच्या वसुलीची) नोटीस आली आहे, रक्कम २,८६,४०० रुपये. पती म्हणतात, "कर्ज त्याने घेतलं, आधी त्याच्याकडून वसूल करा, मी सुनावणीला जाणार नाही." घर माझ्या नावावर आहे, शेतीतला वाटा पतींच्या नावावर. घरावर टाच येईल का? आणि माझे पैसे बुडाले असंच समजायचं का?

उत्तर : ताई, तुमचे पैसे बुडालेले नाहीत. पण ते मागण्याला शेवटची तारीख आहे आणि ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा अलीकडे आहे : ९ फेब्रुवारी २०२७. पतींच्या नोटिशीवरची सुनावणी तर त्याच्याही आधी असणार. त्या सुनावणीला त्यांनी गेलंच पाहिजे. कारण खाली येईलच, पण हे पत्र अर्धवट वाचून ठेवलं तरी एवढं विसरू नका.

आधी तुमच्या पैशांचं बघू. कागद नाही म्हणजे हक्क नाही, अशी धास्ती तुमच्या पत्रात दिसते. ती काढून टाका. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे तोंडी करारसुद्धा करारच असतो. एकाने पैसे दिले, दुसऱ्याने परत करायचं कबूल करून घेतले, दोघेही सज्ञान आणि शुद्धीवर होते, कुणी जबरदस्ती केली नाही, एवढ्यावर कायदेशीर देणं उभं राहतं. नुसत्या शब्दाचं तसं नसतं. मामा भाचीला "तुझ्या लग्नाचा खर्च माझ्याकडे" म्हणाला आणि फिरला, तर नात्यात कटुता येईल, पण कोर्टात दावा टिकणार नाही, कारण त्या शब्दाच्या बदल्यात भाचीने काही दिलेलं नसतं. याउलट तुमच्या यूपीआयवरून चुकून अनोळखी माणसाला पैसे गेले, तर त्याच्याशी कसलाही करार नसूनही ते परत करण्याची जबाबदारी करार कायद्याचं कलम ७२ त्याच्यावर टाकतं. तुमचं प्रकरण यांपैकी सगळ्यात सरळ आहे. तुम्ही पैसे दिले, त्याने फेडायचं कबूल केलं.

देणं असणं आणि ते सिद्ध करता येणं या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एनईएफटीची नोंद फक्त पैसे गेल्याचं दाखवते, ते उसने म्हणून गेल्याचं दाखवत नाही. उद्या मावसभाऊ म्हणू शकतो की ती भेट होती, किंवा दुकानात तुमची भागीदारी होती, किंवा त्याचंच जुनं येणं तुम्ही फेडलं. ही फट बुजवतात ते त्याचे "देतो ताई" हे मेसेज आणि त्याने परत केलेले २५,००० रुपये. भेट कुणी हप्त्याने परत करत नाही. म्हणून तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, चॅट डिलीट करू नका. पूर्ण चॅट तारखांसह एक्स्पोर्ट करून दुसरीकडे जपून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा दाखल करताना प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक फोन वापरणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. ते काम वकिलांकडून दाव्याच्या वेळी होईल, मूळ फोन मात्र तुम्हीच सांभाळायचा आहे.

आता तारखेचं. गावोगाव सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. "मागशील तेव्हा देतो" असं ठरलं असेल, तर मागणी केल्यापासून तीन वर्षं मोजायची असं बहुतेकांना वाटतं. कायदा तसा नाही. मुदतीचा कायदा, १९६३ याच्या परिशिष्टातील १९ आणि २१ या नोंदी सांगतात की उसने दिलेल्या पैशांसाठी तीन वर्षं पैसे दिल्याच्या दिवसापासून धावतात, आणि मागताच परत करायचं ठरलं असेल तरीही तसंच. (ठेव म्हणून ठेवलेल्या आणि मागितल्यावर परत मिळणाऱ्या पैशांची नोंद वेगळी आहे. तिथे मागणीच्या तारखेपासून मोजतात. तुमचे पैसे ठेव नव्हते.) दिल्याचा दिवस मोजायचा नाही, म्हणून १,८०,००० साठी शेवटचा दिवस ९ फेब्रुवारी २०२७ आणि रोख ६०,००० साठी २ एप्रिल २०२७. दोन वेळा दिलेले पैसे म्हणजे दोन देणी, दोन तारखा. तुम्ही अलीकडची तारीख धरून चाला.

मुदत उलटली तर काय होतं? देणं संपत नाही, पण कोर्टाचं दार बंद होतं. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी न्यायाधीशांना तो स्वतःहून पाहावा लागतो आणि दावा फेटाळावा लागतो. त्यानंतर मावसभावाने आपणहून पैसे दिले तर ते तुमचेच, तो परत मागू शकत नाही. पण तुम्ही त्याला भाग पाडू शकत नाही.

मुदत कशाने वाढत नाही, ते नीट समजून घ्या. तोंडी आश्वासनाने वाढत नाही. भावकीच्या बैठकीत चार जणांसमोर "दिवाळीपर्यंत देतो" म्हटल्याने वाढत नाही. वकिलाची नोटीस पाठवल्यानेही वाढत नाही. नोटीस गेली म्हणजे आता तीन वर्षं पुन्हा मोजली जातील, या समजुतीत कित्येक जण निवांत बसतात आणि दावा हातचा जातो. व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजवरही या कामासाठी विसंबू नका. कायद्याला लेखी आणि सही केलेली कबुली हवी असते, आणि मेसेजला सही मानायचं का हा वाद तुम्ही तुमच्या दोन लाखांवर खेळू नये. तेच २५,००० च्या यूपीआयबद्दल. मुदतीच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदतीच्या आत काही रक्कम फेडली की नवी तीन वर्षं मिळतात खरी, पण त्या भरण्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीच्या लेखात असायला हवी. त्याने २५,००० चा चेक दिला असता तर चेकवर त्याची सही असती आणि मार्च २०२५ पासून नवी मुदत धरता आली असती. यूपीआयवर सही नसते. वकील तो मुद्दा मांडतील, मांडावाच, पण तुम्ही मात्र ९ फेब्रुवारी हीच तारीख खरी धरा.

मुदत नक्की वाढवणारा मार्ग एकच, आणि तो स्वस्त आहे. मुदत संपण्याआधी त्याच्याकडून सही केलेली लेखी कबुली घ्या. त्याच कायद्याच्या कलम १८ प्रमाणे सहीच्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने सुरू होतात. मजकूर साधारण असा ठेवा :

"मी (पूर्ण नाव, वय, पत्ता) लिहून देतो की, मी (तुमचं पूर्ण नाव) यांच्याकडून दि. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी बँकेमार्फत रु. १,८०,००० व दि. २ एप्रिल २०२४ रोजी रोख रु. ६०,००० असे एकूण रु. २,४०,००० (अक्षरी रुपये दोन लाख चाळीस हजार) हातउसने घेतले. त्यापैकी रु. २५,००० मार्च २०२५ मध्ये यूपीआयने परत केले. आज रोजी रु. २,१५,००० (अक्षरी रुपये दोन लाख पंधरा हजार) माझ्याकडून देणे आहे. ही रक्कम मी दरमहा १० तारखेपर्यंत रु. १८,००० प्रमाणे ११ हप्त्यांत व बारावा हप्ता रु. १७,००० असा फेडीन. कोणताही एक हप्ता चुकल्यास उरलेली संपूर्ण रक्कम एकदम देय होईल."

खाली त्याची सही आणि त्याच्याच हाताने लिहिलेली तारीख. तुमची सही. दोन साक्षीदार, शक्यतो दोन्हीकडच्या नात्याबाहेरचे. शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल, तर हप्ता चुकल्यावर फक्त चुकलेल्या हप्त्यांपुरतंच भांडता येतं आणि प्रत्येक हप्त्याची मुदत वेगळी मोजत बसावी लागते. हप्ते ठरवून दोघांच्या सह्या असल्यामुळे हा करार होतो, म्हणून तो ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करा. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अशा करारांना १०० चा मुद्रांक पुरत नाही. मुद्रांक कमी पडला तर दंड भरून चूक निस्तरता येते. वचनचिठ्ठीचं, म्हणजे प्रॉमिसरी नोटचं, तसं नाही. तिच्यावर रसीदी तिकीट लावून त्यावरून आडवी सही केली नसेल, तर दंड भरूनही ती पुराव्यात घेता येत नाही. छापील प्रॉमिसरी नोटवर नुसती सही घेऊन घरी येऊ नका.

तो कदाचित म्हणेल, "सही करतो, पण आत्ता पैसे नाहीत, रकमेवरही माझं म्हणणं वेगळं आहे." तरी सही घ्या. आकड्यावर वाद आहे, फेडायची वेळ अजून आलेली नाही, अगदी "देणार नाही" असं लिहिलेलं असलं, तरी देणं असल्याची कबुली त्यात असेल तर मुदतीच्या दृष्टीने ती चालते. मात्र ही सगळी सोय मुदतीच्या आतली आहे. ९ फेब्रुवारी उलटून गेल्यावर नुसती कबुली पुरत नाही. तेव्हा "मी ही रक्कम फेडीन" असं स्पष्ट, लेखी, सहीचं वचन लागतं (करार कायदा, कलम २५(३)), आणि ते देणं न देणं पूर्णपणे त्याच्या मर्जीवर.

चेक देतो म्हणाला तर घ्या, पण रक्कम, तारीख आणि नाव त्याच्या हाताने भरून घ्या. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत टाकायचा. न वटता परत आला, तर बँकेचा मेमो हाती आल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यापासून त्याला १५ दिवस, आणि ते १५ दिवस संपल्यानंतर एक महिन्याच्या आत फौजदारी न्यायालयात तक्रार. हे दिवस चुकले की कलम १३८ चं, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं, प्रकरण डळमळतं. आणखी एक चूक फार होते. चेक हातात असताना समोरचा थोडे पैसे रोख किंवा यूपीआयने देतो आणि घेणारा तरीही पूर्ण रकमेचा चेक टाकतो. चेक टाकायच्या दिवशी जेवढं येणं असेल तेवढ्याचाच तो असला पाहिजे, म्हणून मध्ये पैसे आले तर चेकच्या मागे तशी नोंद करा किंवा कमी रकमेचा नवा चेक घ्या.

सही नाही, चेकही नाही, अशी वेळ आली तर ऑक्टोबर २०२६ च्या पुढे वाट पाहू नका. वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि तीत व्याजाची मागणी स्पष्ट लिहा. तुमच्यात व्याज ठरलेलं नाही, त्यामुळे मागच्या काळाचं व्याज मिळणं अवघड आहे, पण व्याज कायदा, १९७८ प्रमाणे लेखी मागणी केल्याच्या तारखेपासून व्याज देण्याचा अधिकार कोर्टाला आहे. नोटिशीला त्याच्या वकिलाने "दोन लाख नव्हे, दीड लाखच देणं आहे" असं उत्तर दिलं तर ते कागद जिवापाड जपा, त्यातली कबुली तुमच्या कामाची ठरू शकते. उत्तर आलं नाही तर डिसेंबरात दावा तयार ठेवा. शेवटच्या आठवड्यात दाखल करायला गेलात आणि कोर्टाच्या कार्यालयाने त्रुटी काढल्या, तर धावाधाव तुमचीच होते. वर सांगितलेला सहीचा करार हाती असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खालचा समरी, म्हणजे झटपट चालणारा, दावा करता येतो. त्यात समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजर व्हावं लागतं आणि बचाव करायलाही आधी कोर्टाची परवानगी काढावी लागते. नुसत्या तोंडी व्यवहारावर साधा दिवाणी दावा होईल, त्याला वेळ जास्त लागतो. वकिलाच्या फीची काळजी असेल तर तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते. महिलेला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ मध्येच आहे. दाव्याआधी प्रकरण लोकअदालतीत ठेवण्याची विनंतीही तिथेच करा. तिथे झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी अमलात आणता येते. पण तिथे तारखा पडत राहिल्या तरी ९ फेब्रुवारी थांबत नाही.

पोलिसांनी तुम्हाला परत पाठवलं, त्यात चूक नव्हती. पैसे न फेडणं हा एवढ्यावर गुन्हा होत नाही. घेतानाच बुडवण्याचा इरादा होता असं दाखवता आलं तर फसवणूक होते, आणि ज्याने मधे २५,००० परत केले त्याच्याबद्दल ते दाखवणं कठीण आहे.

रोख ६०,००० बद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण त्याचा वकील विचारील. २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम उसनी रोखीने घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे, आणि दंड होऊ शकतो तो घेणाऱ्याला, घेतलेल्या रकमेइतका. त्यामुळे तुमचं येणं बेकायदा ठरत नाही. असा रोखीचा व्यवहार एवढ्या कारणाने वसुलीला अपात्र ठरत नाही, हे चेकच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. तुमची अडचण पुराव्याची आहे. २ एप्रिलच्या आसपास बँकेतून पैसे काढल्याची नोंद, कुणासमोर दिले त्याचं नाव, आणि ६०,००० चा उल्लेख असलेला एखादा मेसेज शोधून ठेवा. पुढचे पैसे परत घेताना मात्र बँकेतूनच घ्या. आणि कबुलीच्या कागदात शेकडा तीन रुपये महिना असलं व्याज लिहून घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. घरातल्या माणसाला एकदा दिलेले हातउसने म्हणजे सावकारी नव्हे, पण असल्या दराचा कागद समोरच्याच्या हातात तसा आरोप आयता देतो, आणि परवान्याशिवाय सावकारीचा व्यवसाय हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आता पतींची जामीनकी. इथे मला कडू बोलावं लागतं. "आधी कर्जदाराकडून वसूल करा" हे कायद्यात चालत नाही. जामीनदार रांगेत कर्जदाराच्या मागे नसतो, त्याच्या शेजारी उभा असतो. करार कायद्याचं कलम १२८ जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरतं, आणि धनकोने, म्हणजे कर्ज देणाऱ्याने, आधी कर्जदाराचा पिच्छा पुरवला पाहिजे अशी अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच सांगितलं आहे. हमीपत्रातच वेगळं लिहिलेलं असेल तर गोष्ट निराळी, पण पतसंस्थांच्या छापील हमीपत्रात तसं नसतं. जामीनकी आता काढूनही घेता येत नाही. कर्ज वाटून झालं की तो रस्ता बंद.

१०१ म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६० चं कलम. त्याखाली सहकारी संस्थांचे निबंधक वसुली दाखला देतात आणि मग रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. वेगळा दिवाणी दावा लागत नाही. वसुली अधिकारी टाच आणि लिलावापर्यंत जाऊ शकतो. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध त्याच कायद्याच्या कलम १५४ खाली दोन महिन्यांत रिव्हिजन (फेरतपासणीचा अर्ज) करता येते, पण त्यासाठी वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के आधी पतसंस्थेत भरावे लागतात. २,८६,४०० चे निम्मे म्हणजे १,४३,२०० रुपये. जे म्हणणं सुनावणीत फुकट मांडता येतं, ते नंतर मांडायला एवढे पैसे मोजावे लागतात. म्हणून सुनावणीला जायचं.

जाताना लेखी म्हणणं न्या आणि पोच घ्या. सुनावणीआधीच पतसंस्थेकडे अर्ज करून कर्जाचा खातेउतारा, कर्जरोखा, हमीपत्र आणि तारण असल्यास त्याचे कागद मागा. मिळाल्यावर पाहायचं ते असं : सह्या पतींच्याच आहेत ना? हमी किती रकमेची लिहिली आहे, मूळ तीन लाखांची की नंतर वाढवलेल्या कर्जाचीही? कर्जदाराने भरलेले सगळे हप्ते जमा धरले आहेत का? व्याजाचा दर कर्जरोख्यात आहे तोच लावला आहे का, दंडव्याज कशाच्या आधारे? आणि पतींना न विचारता दर, मुदत किंवा हप्ते बदलून कर्जाचं पुनर्गठन केलं आहे का? जामीनदाराच्या संमतीशिवाय करार बदलला तर बदलानंतरच्या जबाबदारीतून तो सुटतो (करार कायदा, कलम १३३; पुढची कलमंही त्याच कायद्याची), आणि परस्पर समझोता करून कर्जदाराला मुदत वाढवून दिली तरीही सुटू शकतो (कलम १३५). नुसतं वसुलीसाठी थांबणं मात्र यात बसत नाही. हे मुद्दे मांडायच्या आधी हमीपत्राची बारीक अक्षरं वाचा. "संस्थेने अटी बदलल्या तरी माझी हमी कायम राहील" असं कलम त्यात असलं आणि त्याखाली पतींची सही असली, तर हा बचाव बहुधा उपयोगी पडणार नाही. दुसऱ्या जामीनदाराला पतसंस्थेने सोडून दिलं, तरी त्यामुळे तुमचे पती सुटत नाहीत.

बचावाला जागा नसेल तर एकरकमी परतफेडीची बोलणी करा आणि सूट मिळत असेल तर ती लेखी घ्या. भरताना एक पथ्य कटाक्षाने पाळा : पैसे पतींच्या स्वतःच्या खात्यातून चेकने किंवा आरटीजीएसने भरा आणि पावतीवर "जामीनदार (नाव) यांच्याकडून" असं लिहून घ्या. मावसभावाच्या हाती पैसे देऊन त्याच्या नावाने पावती फाडली, तर पतींनी भरले हे पुढे सिद्ध करायचं कशाने? कारण भरल्यानंतरच पतींचे हक्क सुरू होतात. भरलेली सगळी रक्कम ते मावसभावाकडून वसूल करू शकतात (कलम १४५). पतसंस्थेकडे त्याचं वाहन, सोनं किंवा यंत्र तारण असेल तर पूर्ण देणं फेडल्यावर त्यावर पतींचा हक्क येतो (कलम १४० आणि १४१), तेव्हा ते तारण परस्पर मावसभावाला परत देऊ नये असं पत्र पतसंस्थेला द्या. आणि दोघे जामीनदार सारख्याच हमीचे असतील तर निम्म्या वाट्यापेक्षा जास्त भरलेलं दुसऱ्या जामीनदाराकडून मागता येतं (कलम १४६). सगळे २,८६,४०० पतींनी भरले तर तो वाटा १,४३,२०० चा. या वसुलीलाही तीन वर्षांचीच मुदत आहे, भरल्याच्या दिवसापासून. बेबाकी दाखल्यावर, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याच्या दाखल्यावर, पतींचं नाव घ्यायला विसरू नका.

घराचं उत्तर सरळ आहे. हमी पतींनी दिली, सही त्यांची, जबाबदारी त्यांच्या मालमत्तेवर. घर खरोखर तुमचं असेल, म्हणजे तुमच्या पैशातून, माहेरून किंवा वारशाने आलेलं असेल, तर पतींच्या जामीनकीपोटी त्यावर टाच येऊ शकत नाही. चुकून आलीच तर वसुली अधिकाऱ्याकडे खरेदीखत आणि पैशाचा उगम दाखवून लगेच लेखी हरकत घ्या. घर दोघांच्या नावावर असेल तर त्यांच्या हिश्शापुरता धोका आहे. शेतीतला त्यांचा वाटा मात्र वसुलीच्या आवाक्यात येतो. तो वाटा आता घाईने तुमच्या किंवा मुलांच्या नावावर करण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. करू नका. धनकोला चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे रद्द करवता येतं, आणि नोटीस आल्यानंतरची तारीखच तुमच्या विरुद्ध बोलते. (गोव्यातल्या वाचकांनी हे उत्तर जसंच्या तसं घेऊ नये. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे पती-पत्नीची मालमत्ता सहसा सामाईक धरली जाते, त्यामुळे एकाच्या देण्याचा दुसऱ्याच्या वाट्याशी संबंध वेगळ्या पद्धतीने पाहावा लागतो.)

शेवटी एक गोष्ट जी तुमच्या घरात लवकरच घडेल. मावसभाऊ एखाद दिवशी ३०,००० रुपये पाठवील. ते तुमच्या हातउसन्यातले की पतींनी पतसंस्थेत भरलेल्यातले? ही दोन वेगळ्या माणसांची वेगळी येणी आहेत, ती एका वहीत, एका पावतीवर मिसळू नका. तुमचे पैसे तुमच्या खात्यावर, पतींचे त्यांच्या खात्यावर, आणि दर वेळी कशापोटी मिळाले ते लिहिलेल्या कागदावर तारीख टाकून त्याची सही. तुमच्या दोन रकमांपैकी पैसे कोणत्या खाती जमा करायचे ते त्याने सांगितलं तर तसेच धरावे लागतात. सांगितलं नाही तर ते ठरवणं तुमच्या हाती असतं (करार कायदा, कलम ५९ आणि ६०). तेव्हा मार्चमध्ये आलेले २५,००० आणि पुढे येतील ते, आधी रोखीच्या ६०,००० मध्ये वळते करा, कारण बँकेच्या नोंदीचे १,८०,००० सिद्ध करायला सोपे आहेत. तसं केलंत तर वरच्या कबुलीच्या मजकुरातही ते २५,००० रोखीच्या रकमेपोटी आल्याचं लिहा, म्हणजे सहीबरोबर तोही वाद मिटेल.